असील कोंबड्याचा नाद

आधी बाईंचं सांगतो, मग बाकीची घाण.

बाई म्हणजे घनसावंगीच्या प्राथमिक शाळेत लहान वर्गांना शिकवणाऱ्या बाई. त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि या लिखाणात तर ते कोंबड्याच्या विष्ठेशेजारी येईल. मी आज चार माणसांत बसतो, लोक मला मास्टर म्हणतात, ते या बाईंमुळे. त्या दिवशी त्यांनी मला दुकानातून ओढून रस्त्यावर उभं केलं असतं, तरी कुणी त्यांना बोललं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. काय केलं ते पुढे येईलच.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. शाळा सहावीत सोडली. तेव्हा इकडे धरणाच्या डाव्या कालव्याचं काम चालू होतं. माझा मेव्हणा त्या कामावर होता, त्याच्या मागे मी आलो. जालना अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता आणि घनसावंगीही आजच्यासारखी नव्हती. मेव्हण्याचं तिथलं काम संपलं. जाताना त्याने मला बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात चिकटवलं आणि तो निघून गेला. मी राहिलो. भ्यालेला राहिलो, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. दुकानाचा मालक, ज्याला सगळे मास्टर म्हणायचे, तो नुसता खाकरला तरी मला वाटायचं, आता हा म्हणणार, ऊठ, जा तुझ्या गावाला.

पण रिकाम्या हातांनी मी आलो नव्हतो. मला जाळं विणता यायचं, आजोबांनी शिकवलेलं. गोदावरीत मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी एक जाळं विणून द्यायला घेतलं होतं. त्याची गाठ इकडच्यापेक्षा वेगळी म्हणून माणसं थांबून बघायची. जाखडीची, म्हणजे आमच्याकडच्या नाचाची, गाणी यायची, काज करता करता हळू म्हणायचो. आणि चित्रं काढायचो. बाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर मला माड, होडी, खाडी काढायला लावली. "आमच्या पोराइनं नदीपल्याड पाणी बघितलं न्हाई," म्हणाल्या. रविवारी जाऊन काढायचो. त्यांच्या घरून भाकरी-पिठलं यायचं.

दुकानात तिघांच्या तीन जागा होत्या. काज-बटणवाला खाली सतरंजीवर, मशीनवाला स्टुलावर, आणि कापणारा टेबलापाशी उभा. मला त्या टेबलापाशी उभं राहायचं होतं. त्याशिवाय गावी तोंड दाखवायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं. मास्टर एकदा म्हणाला, "दिवाळीनंतर तुला टेबलावर घेतो, कोकण्या. पन अट हाय. एक आख्खं गिऱ्हाईक तू एकट्यानं सांभाळायचं. माप माझं, कापणं माझं. पुढं समदं तुझं. गिऱ्हाईक हसत गेलं पायजे."

मला रात्रभर झोप लागली नाही, इतका आनंद झाला. आणि त्याच महिन्यात तो कोंबडा आला.

कापसाच्या बाजारात एक मापाडी होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तो एक दिवस पोत्यात गुंडाळलेला असील कोंबडा घेऊन दुकानात शिरला. असील म्हणजे झुंजीची जात. उंच मान, पिवळे डोळे, अंगावर पिसं कमी आणि मांस जास्त. त्याच्या डोळ्याखालची कातडी फाटून लोंबत होती.

"तुझी सुई लई बारीक चालते म्हनतेत," उस्ताद मला म्हणाला. "शिव बरं."

मास्टर वरून बोलला, "शिव शिव. शिलाई कोंबड्याकून घे."

मी शिवलं. रेशमी दोऱ्याने, चार टाके. कोंबडा हलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. उस्तादाने टाके बघितले आणि म्हणाला, "जालन्याचा डॉक्टर बी असं शिवत न्हाई. बिलकुल न्हाई." आजवर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी विकला गेलो. पुढच्या आठवड्यात त्याने मला एक तरुण कोंबडा दिला, पाळायला, तयार करायला. "हा तुझा," म्हणाला.

इथून पुढचं लिहिताना मला अजूनही तोंड धुवावंसं वाटतं.

सकाळी उठून पहिलं काम, त्याची विष्ठा बघायची. नुसती बघायची नाही, दोन बोटांत दाबायची. घट्ट आहे की सैल, वर पांढरं टोक आहे की नाही, वास आंबट येतो की कसा. उस्ताद नाकाजवळ नेऊन हुंगायचा आणि मलाही हुंगायला लावायचा. "ह्याच्यात समदं कळतं," म्हणायचा, एखादा वैद्य नाडी बघतो तशा तोऱ्यात. मग त्याला पळवायचं. मग तवा गरम करून फडक्याने छाती, मांड्या शेकायच्या. शेकताना त्याच्या कातडीतून उवा निघायच्या आणि माझ्या बाहीत शिरायच्या. बाजरी निवडून, धुऊन, सुकवून घालायची. बदाम मी चावून बारीक करायचा आणि तो लगदा माझ्या ओठांतून त्याच्या चोचीत द्यायचा. गळ्याखालच्या दाण्यांच्या पिशवीत अन्न कुजलं, तर त्याला उलटं धरून पिशवी पिळायची. जे बाहेर यायचं त्याचा वास मला आजही एखाद्या नासक्या डब्याचं झाकण उघडताना येतो, आणि मी तसाच उठून बाहेर जातो.

तुरा कापायचा असतो, नाहीतर झुंजीत समोरचा कोंबडा धरतो. मी दुकानातली काजाची कात्री घेऊन गेलो. उस्तादाने धरला, मी कापला. मग त्याने तो तुरा बारीक करून त्याच कोंबड्याला खाऊ घातला. कोंबड्याने गपागप खाल्ला. बसलेली माणसं हसली. "सोताचं रगत पचलं की दुसऱ्याचं बी पचतं," उस्ताद म्हणाला. मीही हसलो. कात्री पुसून दुकानात परत ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच कात्री एका नवरीच्या परकराला लागली.

या सगळ्याला वेळ कुठून यायचा? बाकीच्यातून यायचा. म्हाताऱ्याचं जाळं अर्ध्यावर तसंच खुंटीला राहिलं. तो दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा आला आणि जेवढं विणलं होतं तेवढंच घेऊन गेला. वर्गातल्या होडीला शीड काढायचं राहून गेलं होतं. पोरं बाईंना विचारायची, हे काय आहे? एक पोरगं म्हणालं, माती वाहायची पाटी आहे. गाणी तर कधी गेली कळलंच नाही. एक दिवस काज करताना तोंड उघडलं आणि दुसरी ओळ आठवेना. मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. मी मनात कोंबड्याच्या नख्या मोजत होतो.

मास्टर टोमणे मारायचा. "काय कोकण्या, आज कोंबड्याची इजार शिवली का न्हाई?" गिऱ्हाईक हसायचं. पण एकदा मी ब्लाऊजची बाही उलटी लावली, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "आंग धुऊन येत जा. गिऱ्हाईक नाक धरून राह्यलं." मला शरम वाटायला हवी होती. मला राग आला. या माणसाला असील काय कळतो, असं वाटलं. नाद लागलेल्या माणसाच्या अंगाचा वास त्याला स्वतःला येत नाही. त्याच्याभोवतीची माणसंही तशीच वासाची असतात, तंबाखू थुंकणारी, कोंबड्याच्या मांड्या चाचपत बायकांवरून घाण विनोद करणारी. त्यांच्यात मी बसायचो आणि मला वाटायचं, आपण मोठ्यांत आलो.

अशात बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बाई बौद्ध, त्यांच्यात नवरा-नवरी पांढऱ्यात उभी राहतात. जालन्याच्या मारवाडी पेढीवरून आणलेलं ब्लाऊजचं पांढरंशुभ्र कापड घेऊन बाई दुकानात आल्या आणि मास्टरला म्हणाल्या, "हे ह्या बाबाच्याच हातचं पायजे मला."

मास्टरने माझ्याकडे बघितलं. "हे घे तुझं गिऱ्हाईक," म्हणाला. "हसत गेलं तर टेबल. न्हाई तर तू आन् तुझा कोंबडा, दोघं कालव्यावर जा."

माप त्याने घेतलं, कापलंही त्यानेच. मला भरपूर दिवस होते. मी ते दिवस कोंबड्याला शेकण्यात घालवले. लग्नाच्या आदल्या दिवशी शिलाई झाली होती, पण तुरपाई, हूक, काज राहिलेलं. म्हटलं, दुपारी करू. कारण सकाळी नदीकाठच्या आमराईत झुंज होती.

झुंजीचं वर्णन करत नाही. ज्यांनी बघितलीय त्यांना नको, ज्यांनी नाही बघितली त्यांनी बघू नये. मध्ये मध्ये थांबवून कोंबड्यांना पाणी मारतात, त्या थांबण्याला 'पानी' म्हणतात. दुसऱ्या पानीला माझा कोंबडा माझ्या हातात आला, तेव्हा त्याचं डोकं दिसत नव्हतं. नुसतं रक्त, त्यात माती, त्यात चिकट शेंबडासारखं काहीतरी. तो घशातून घरघर आवाज काढत होता.

"तोंडात घे," उस्ताद म्हणाला.

"काय?"

"डोस्कं. घे जल्दी. रगत वढ आन् थुंक. नाक मोकळं कर त्याचं."

मी थांबलो असेन एक क्षण. तो ओरडला, "इतके दिस त्याचा गू हुंगला, आता रगताला लाजतो का?"

सगळे हसले. मी कोंबड्याचं डोकं तोंडात घेतलं. पुरतं, मानेपर्यंत. ओढलं. गरम, खारट, पिसांसकट काहीतरी जिभेवर आलं. थुंकलं. पुन्हा ओढलं. त्याने आतल्या आत चोच मारली आणि माझी हिरडी फाटली. मग त्याचं रक्त कुठलं आणि माझं कुठलं, काही राहिलं नाही. सगळ्यात घाण गोष्ट ही की, त्या वेळी मला किळस आली नाही. जरासुद्धा नाही. पुढच्या फेरीत समोरचा कोंबडा पळाला, माणसांनी मला उचललं, आणि मी रक्ताळल्या दातांनी हसत होतो. ते हसू मला अजून दिसतं. आरशात दाढी करताना कधीकधी अचानक दिसतं.

मी कोंबडा उस्तादाकडे ठेवला, नदीवर हात धुतले, दोन ओंजळी पाणी प्यायलो आणि धावत दुकानात आलो. चूळ भरायचं सुचलं नाही.

दुपार होती. मास्टर जेवायला गेलेला. मी सतरंजीवर बसून ब्लाऊजची तुरपाई घेतली. आम्ही शिंपी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतो, तेव्हा ते सुईत जातं. मी तेच केलं. दर नव्या दोऱ्याला. गळ्याला चार-सहा बोटं तुरपाई झाल्यावर मला एक लाल ठिपका दिसला. मला वाटलं, सुई बोटाला टोचली. त्यावर आमच्याकडे एक इलाज असतो. स्वतःचं रक्त स्वतःच्या थुंकीने जातं. कपड्यावर बोटाचं रक्त लागलं की शिंपी तिथं थुंकी लावून चोळतो आणि डाग निघतो. हे मला पहिल्याच महिन्यात मास्टरने शिकवलेलं. मी थुंकी लावली. चोळलं.

ठिपका पसरला. अजून थुंकी लावली. डाग रुपयाएवढा झाला. मग तळहाताएवढा, तपकिरी, कडेला पिवळा, आणि त्यातून तो वास यायला लागला. तेव्हा मला कळलं. मी जे पुसत होतो ते माझ्या तोंडातूनच येत होतं. नवरीच्या गळ्यावर मी कोंबड्याचं डोकं पुसलं होतं.

तेव्हा किळस आली. सकाळची राहिलेली सगळी एकदम आली. मी ब्लाऊज बाजूला फेकलं, दुकानाच्या मागे गेलो आणि ओकलो. बदामाचा लगदा, बाजरीचा वास, उवा, ते पिळलेलं आंबट पाणी, सगळं मला माझ्याच आतून बाहेर येतंय असं वाटलं.

वळलो तर दुकानात बाई उभ्या. ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. ते त्यांच्या हातात होतं.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

 त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात वाळलेलं रक्त असणार. त्यांनी कापड नाकाजवळ नेलं आणि पटकन दूर केलं. त्यांचा चेहरा आक्रसला. तो चेहरा मी विसरलेलो नाही. शाळेतल्या पोरांची नाकं पुसणारी बाई, ती माझ्या किळसेने दोन पावलं मागे सरली.

"कोंबड्याचं?"

मी मान हलवली.

"तोंडात धरला व्हता?"

पुन्हा मान हलवली.

"शी!" म्हणाल्या. "शी रे बाबा! आरं, मानूस हाईस का कोन?"

मला वाटलं आता त्या मास्टरची वाट बघत बसणार. टेबल तर गेलंच होतं, आता दुकानही गेलं. गावाकडच्या गाडीत बसलेला मी मलाच दिसायला लागलो. पण त्या म्हणाल्या, "चल माझ्या घरी. त्याआधी तोंड धू. माझ्या दारात असं येऊ नको."

त्यांच्या अंगणात मी मीठ घालून चुळा भरल्या, भरत राहिलो. बाईंनी डाग थंड पाण्यात घातला, साबण लावला, उन्हात धरला. डाग फिका झाला, गेला नाही. बहीण आतल्या खोलीत होती, तिला त्यांनी कळू दिलं नाही. आठवडी बाजार कालच उठलेला, जालन्याला जाऊन यायला दिवस नव्हता. बाईंनी पेटी उघडली, एक पांढरी साडी काढली, घडी मोडली आणि माझ्यापुढे टाकली.

"ह्याच्यातून काप."

"बाई, ही तुमची..."

"माझ्या लग्नातली हाय. माझं लगीन झालं. पेटीत उंदरं खाण्यापरीस तू काप."

"मी कधी कापलं नाही बाई. मास्टर कापतो."

"मंग मास्टरला जाऊन सांगायचं का, काय झालं ते?"

मी साडी जवळ ओढली. त्या कात्री घेऊन आल्या, घरातली, भाजीची. तिला धार नव्हती. मग स्वतः जाऊन शेजाऱ्यांकडून एक चांगली आणली. मी त्या खराब ब्लाऊजचे टाके उसवले, तुकडे साडीवर पसरले, भिंतीचा चुना नखाने काढून खुणा केल्या. एक खूण वाकडी गेली तशी बाईंनी मनगट धरलं. "धीरानं," म्हणाल्या. "पोरगी उद्या दुपारी उभी राहनार हाय, तवर येळ हाय."

मग कात्री लावली. बाहीचा मुंढा कापताना जरा आत गेला, तो मी शिलाईत सावरला. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. सगळं हातशिलाईने, बारीक टीप घालून. बाई समोर बसून दोरा ओवून देत होत्या. सुई त्यांनी मला ओठांकडे नेऊ दिली नाही. दिवेलागणीला हूक लागले. बहिणीने घालून बघितलं आणि आरशापुढे गोल फिरली. "बरं बसलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई लग्नाच्या गडबडीतून वेळ काढून दुकानात आल्या, माझ्या आधी. मास्टरला त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो.

"म्हंजे ह्यानं गिऱ्हाईकाचं कापड नासवलं," मास्टर म्हणाला. "आन् दुसऱ्याच्या साडीवर हात साफ केला. ह्याला मी टेबल देऊ?"

"साडी माझी, बहीण माझी, कापड माझं," बाई म्हणाल्या. "तुमचं काय गेलं? मी हसत जाऊन राह्यले का न्हाई, तेवढं बघा."

"आन् त्यो कोंबडा?"

"त्यो मी बघून घेते."

मास्टरने कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बाई, तुमचा निकाल वर्गात चालतो. हितं माझा चालतो." आणि मग मला हाक मारली, "ये आत. उभा राहा हितं, टेबलापाशी. पन वास आला तर हाकलीन."

कोंबड्याचं बाईंना काही बघावं लागलं नाही. मी त्या दिवसानंतर उस्तादाकडे गेलो नाही. तो एकदा दुकानासमोर थांबला आणि म्हणाला, "शिंपीच निघाला शेवटी तू." मी वर बघितलं नाही. त्या कोंबड्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारलंही नाही; त्याची दया मला खूप उशिरा आली, आणि तीही किळसेतूनच आली.

सगळं परत आलं नाही. जाळ्याची ती गाठ मला आता घालता येत नाही. दोनदा बसलो, तिसऱ्या फेऱ्याला बोटं चुकतात. आणि ज्या गोष्टीसाठी ते सोडलं ती काय होती? दोन बोटांत दाबून हुंगायचं, एवढाच सगळा शहाणपणा होता तिच्यात.

बाई निवृत्त झाल्यात. गुडघे धरलेत, तरी वाचन चालू असतं. मी साड्या नेल्या, त्यांनी वाटून टाकल्या. पैसे नेले तर रागावल्या. मागच्या महिन्यात बोलता बोलता म्हणाल्या, "आरं बाबा, मी आजपतुर समुद्र बघितला न्हाई. त्याला दुसरा काठ नसतोच म्हनं, खरं का?"

मला हसू आलं. मी अजून गावी पुरता परतलेलो नाही, अजून भीती वाटते, तिकडे मला कुणी ओळखेल का. पण बाई, तुम्हाला मी नेईन. गुडघ्यांना सोसवेल अशा बऱ्या गाडीत बसवून नेईन, माझ्या भावाच्या घरी उतरवीन आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर खुर्ची टाकीन. पायाला पाणी लागेपर्यंत तुमच्यापाशी उभा राहीन.